जिन्यातला अबोला

"ड्रायव्हर, याला सांग, हातमोजे घाल म्हणावं. काचा आहेत इथे."

"हातमोजे घाल म्हणतायत."

"ऐकलं मी. त्यांना सांग, आधी स्वतःच्या हेल्मेटचा पट्टा लावा."

"पट्टा लावा म्हणतोय."

"मलाही ऐकू येतं म्हणावं."

"दोघांनाही ऐकू येतं," ड्रायव्हर म्हणाला, "ज्याला एका कानाने ऐकू येत नाही तोच मेला मधे उभा."

तिघेही एकाच खोलीत, हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतक्या अंतरावर उभे होते. पहिले बोलले ते दाजी आणि दुसरा त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोघे घरं रिकामी करून देण्याच्या कामावर होते. माणूस गेला किंवा दुसरीकडे हलला की मागे उरलेलं सगळं उचलायचं, विकण्याजोगं बाजूला काढायचं आणि बाकीचं खाली उभ्या असलेल्या गाडीच्या प्रेसमध्ये घालून त्याचा चुरा करायचा. काम तसं उदासवाणं. त्यात या दोघांचा अबोला.

अबोल्याचं कारण एक खुर्ची. मेहुण्याने अशाच एका रिकाम्या केलेल्या घरातली गुबगुबीत खुर्ची उचलून बहिणीला नेऊन दिली. दिली अगदी प्रेमाने, पण खुर्चीत ढेकूण होते. त्यांनी आधी दाजींची गादी घेतली, मग उशा, मग मुलांची अंथरुणं. शेवटी दाजींना स्वतःची गादी स्वतःच्याच गाडीच्या प्रेसमध्ये घालावी लागली. त्या वेळी ते मेहुण्याच्या घराण्याबद्दल एक वाक्य बोलले. मेहुण्यानेही दाजींच्या घराण्याबद्दल एक वाक्य परत केलं. दोन्ही वाक्यं चारचौघांत सांगण्यासारखी नाहीत. एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण एकच असल्यामुळे तिने दोघांशीही बोलणं टाकलं, डबे मात्र दोघांना देत राहिली.

आता या धंद्यात अबोला परवडत नाही. यांच्या आधीच्या जोडीतला खालचा माणूस जिन्यात फ्रिजखाली गेला होता. वरचा 'सोडतो' म्हणाला होता आणि खालचा 'सोड' म्हणालाच नव्हता, एवढंच पुढे चौकशीत निघालं. तेव्हापासून मालकीणबाईंनी नियम केला की जिन्यात तोंड बंद ठेवायचं नाही, सतत बोलत राहायचं. पुढे प्रेसच्या आवाजाने ड्रायव्हरचा कान गेला, तेव्हा बाईंनी आणखी एक नियम केला की ओझं उचलल्यापासून प्रेस थांबेपर्यंत कानांवर हेडफोनसारखी जाड झाकणं हवीतच. कान झाकून बोलत कसं राहायचं हे बाईंना कोणी विचारलं नाही. बाई फ्रिजवाल्याच्या घरी स्वतः निरोप घेऊन गेल्या होत्या, त्यामुळे नियमांच्या बाबतीत त्यांना कोणी काही विचारत नसे.

तोडगा शेवटी ड्रायव्हरनेच काढला. सामानावर एक ठोका मारला की थांब, दोन मारले की चल. गाडीच्या पत्र्यावरही तोच हिशेब, म्हणजे दोन ठोके पडले की प्रेस चालू आणि एक पडला की बंद. ठोका हाताला कळतो, त्याला कान लागत नाहीत. शिवाय ठोका म्हणजे काही बोलणं नव्हे, त्यामुळे कोणाचा मानही जात नाही. दोघांना ही सोय फार आवडली. दाजी तेवढ्यावर खूश होऊन ड्रायव्हरला म्हणाले, "याला सांग, आता तुझी गरज नाही म्हणावं." गरज नाही ती नक्की कोणाची, आपली की मेहुण्याची, हे ड्रायव्हरने विचारलं नाही.

त्या दिवशीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. घर एका एकट्या आजोबांचं. ते न्हाणीघरात दोनदा पडले होते आणि एकदा गॅस चालू ठेवून झोपले होते. त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावात नोकरी करायची आणि तिथे एका खोलीत राहायची. तिने खूप विचार करून, खूप रडून, शेवटी वडिलांसाठी वृद्धाश्रमात जागा घेतली. वडिलांना ते सांगितलं त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. दोन दिवस तिने मनधरणी केली, मग तिलाही राग आला आणि तिनेही बोलणं सोडलं. पुढे चहाचा कप टेबलावर आदळला जायचा, चहा संपला की रिकामा कप आदळला जायचा, आणि बापलेकीचा दिवसभरातला संवाद तिथेच संपायचा.

त्या सकाळी आजोबा घरात दिसेनात. वाचकांपासून लपवून काय करायचंय, आजोबा आतल्या खोलीतल्या मोठ्या लाकडी कपाटात जाऊन बसले होते. कपडे आधीच बांधून झाल्यामुळे कपाट रिकामं होतं. सोबत त्यांनी एक उशी नेली होती. लेक शोधत बसेल, निघायला उशीर होईल, आजचा दिवस टळेल, असा त्यांचा बेत. त्याच्या पुढचं काही ठरलेलं नव्हतं, पण त्या वयात एक दिवस टळला तरी तो आपलाच असतो.

लेकीने सगळीकडे पाहिलं आणि शेवटी कपाट उघडलं. आत वडील गुडघे पोटाशी घेऊन उशीवर बसलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आता 'बाबा, बाहेर या' म्हणायचं तर अबोला तिने मोडल्यासारखा होणार, आणि 'मी येणार नाही' म्हणायचं तर त्यांनी. मग तिने दार हळूच लोटून घेतलं. बसू दे थोडा वेळ, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांचं घर आहे, बसू दे.

आश्रमाने महिन्याभराच्या गोळ्या सोबत आणायला सांगितलं होतं, त्या आणायला ती निघाली. जाताना दारात तिला मेहुणा भेटला.

"आतलं मोठं कपाट राहू द्या हं. मी येईपर्यंत हात लावू नका."

"विकायचंय का, ताई?"

"नाही."

"मग बरोबर न्यायचंय?"

"राहू द्या म्हटलं ना मी," ती म्हणाली आणि तोंड फिरवून जिना उतरली. माझे वडील कपाटात बसलेत, हे परक्या माणसाला कसं सांगणार?

मेहुणा आत जाऊन कपाटापाशी उभा राहिला. पाठोपाठ दाजी आले. ड्रायव्हर एव्हाना खाली गाडीत जाऊन बसला होता, म्हणजे निरोप्या नव्हता. कपाट उचलण्याआधी उघडून पाहायचं, रिकामं असल्याची खात्री करायची आणि दारं जिन्यात उघडू नयेत म्हणून भोवती चिकटपट्टी गुंडाळायची, असा रिवाज. मेहुणा आधीच कपाटापाशी उभा आहे म्हणजे त्याने पाहिलं असणार, असं दाजींनी धरलं. 'पाहिलंस का' एवढे दोन शब्द विचारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शब्द खर्च करण्यापेक्षा दाजींनी चिकटपट्टी खर्च केली. कपाटाची मागची फळी वाळवीने खाल्लेली त्यांना दिसली. विकायच्या कामाचं नाही, प्रेसमध्येच जाणार, असं त्यांनी मनात ठरवलं.

मेहुणा हे सगळं पाहत होता. राहू द्या असं ताईंनी सांगितलंय, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. मग त्याने विचार केला, कशाला? नेऊ दे. ताई परत येऊन चांगलं फैलावर घेतील आणि हे धूड पुन्हा तीन मजले वर चढवायला लावतील. दाजींना कपाट वर चढवताना डोळ्यांपुढे आणून त्याला इतकं बरं वाटलं, की त्याचं दुसरं टोक आपल्यालाच धरावं लागेल हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आत आजोबांनी चिकटपट्टीची चरचर ऐकली आणि लेकीचा डाव त्यांच्या ध्यानात आला. म्हणजे त्यांना तसं वाटलं. तोंडाने 'चला' म्हणायला नको म्हणून कार्टी आपल्याला कपाटासकट आश्रमात पाठवतेय. वा रे वा. आता जीव गेला तरी चालेल, आपण आवाज काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. जीव जाण्याची गोष्ट त्यांनी आपली बोलण्याच्या ओघात मनाशी म्हटली होती.

कपाट उचललं गेलं. जड लागलं, पण जुनं लाकूड जडच असतं, असं दोघांनी धरलं. खालची बाजू दाजींची, वरची मेहुण्याची. ओझं निसटलं तर खालचाच जातो, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मेहुण्याची पोरं लहान आहेत म्हणून खालची बाजू आपण घ्यायची, हे दाजींनी अबोल्याच्या आधी ठरवलेलं होतं. अबोला सुरू झाल्यावरही त्यांनी ते बदललं नाही. मेहुण्याला हे माहीत होतं आणि त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

जिन्यात कपाट तिरकं झालं आणि आजोबा घसरत खालच्या टोकाला गेले. आधी एक कोपर आपटलं, मग दुसरं. दोन ठोके. दोघे निमूट चालू लागले. पहिल्या वळणावर आजोबांचं डोकं फळीला लागलं. 'जरा जपून' असं बजावण्यासाठी त्यांनी मूठ दोनदा आपटली. कपाटाचा वेग वाढला.

एवढी कसली घाई झालीय याला, दाजींच्या मनात आलं. मी खाली आहे हे माहीत असून.

एवढी कसली घाई झालीय यांना, मेहुण्याच्या मनात आलं. गुडघ्याचं दुखणं सांगत असतात एरवी.

आजोबांनी आणखी दोनदा आपटलं. वेग आणखी वाढला. मग ते बोलायचं नाही हा निश्चय विसरले आणि ओरडू लागले. "अरे, हळू. अरे, मी आहे आत. माणूस आहे, माणूस." पण बाहेर दोन डोक्यांवर मिळून चार झाकणं घट्ट बसलेली. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात ऐन मध्यावर त्यांनी संतापून एकच लाथ मारली, आणि एक ठोका म्हणजे थांब, म्हणून दोघे थांबले. जिथे पाय धड टेकत नव्हता, जिथे कोणीही शहाणा माणूस थांबणार नाही, तिथे थांबले.

दाजींच्या मांड्या थरथरायला लागल्या. सगळा भार त्यांच्या छातीवर. खाली पंधराएक पायऱ्या आणि मग फरशी. सूड घेतोय, त्यांना वाटलं. एका खुर्चीपायी मारतोय मला. वर मेहुणा दात-ओठ खात कपाट तोलून धरत होता. दम लागला तर तसं सांगावं, त्याला वाटलं, पण म्हातारपण कबूल करायचं नाही. दोघेही दुसऱ्याच्या दोन ठोक्यांची वाट पाहत तसेच उभे राहिले. ते ठोके शेवटी आतूनच आले. आजोबा रडकुंडीला येऊन फळी बडवू लागले होते, आणि ते तिघे कसेबसे, कधी धावत आणि कधी अडत, खाली पोहोचले. आजोबांच्या कपाळाला एव्हाना मोठं टेंगूळ आलं होतं.

गाडीच्या मागच्या तोंडात कपाट आडवं सरकवलं गेलं. वरून लोखंडी फळा खाली येतो आणि तोंडात असेल त्याचा भुगा करतो, अशी ती प्रेस. दाजी पाय मोकळे करायला मागे सरले. बुटाची नाडी सुटली होती, तशी सुटलेली नाडी बाईंनी पाहिली असती तर घरी पाठवलं असतं, म्हणून ते खाली बसून ती बांधू लागले. मेहुणा पलीकडच्या बाजूला जाऊन चष्मा पुसत उभा राहिला. पत्र्यावर ठोका दुसऱ्याने मारावा, असं दोघांचंही मत.

आत अंधारात आजोबांनी कान देऊन ऐकलं. आश्रम आला असावा, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी दार वाजवल्यासारखं दोनदा वाजवलं.

कपाट पत्र्याला टेकलेलं होतं. ठोके पत्र्यातून थेट ड्रायव्हरच्या सीटला पोहोचले. त्याने प्रेस चालू केली. फळा खाली आला आणि कपाटाचा वरचा कोपरा कडकन मोडला. आजोबांनी जिवाच्या आकांताने लाथ मारली. एक ठोका. प्रेस थांबली. त्यांनी पुन्हा दोन लाथा मारल्या. प्रेस चालू झाली. एकदा मारलं की हे थांबतं, एवढं त्यांना एव्हाना समजलं होतं, पण एकदाच मारून गप्प बसण्याइतका धीर तिथे कोणाला असणार?

"काय ते एकदाचं ठरवा रे," ड्रायव्हर सीटवरून स्वतःशीच म्हणाला आणि कळ खाली-वर करत राहिला.

प्रेस चालू-बंद, चालू-बंद व्हायला लागली तशी दाजींनी वैतागून मान वर केली. हा मेहुण्याचा पोरखेळ त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. त्याच वेळी मेहुण्यानेही दाजींकडे पाहिलं. दाजींचे दोन्ही हात बुटावर होते. मेहुण्याच्या दोन्ही हातांत चष्मा होता. आणि पायाखालच्या जमिनीतून ठोके जाणवत होते.

मेहुण्याने कानांवरची झाकणं ओढून काढली. दाजींनीही काढली.

"तू वाजवतोयस?"

"नाही. तुम्ही?"

"माझे हात बघ ना."

मग दोघांनाही आतला आवाज ऐकू आला. तो आता ओरडण्याचा राहिला नव्हता. एक म्हातारा माणूस बारीक आवाजात, दम घेत घेत, कोणालातरी 'बाळा, बाळा' म्हणत होता. दाजींनी प्रेस बंद करायच्या लाल बटणावर हात आपटला. मेहुणा गाडीच्या तोंडात चढला आणि वाळवी लागलेली मागची फळी त्याने हातमोजे न घालताच फोडून काढली. फळा आजोबांच्या पायांपासून वीतभर वर येऊन थांबला होता.

त्यांना उचलून गाडीमागच्या कट्ट्यावर बसवलं. अंगावर भुसा, कपाळावर टेंगूळ, हातात अजून उशी. पाय हलवून पाहिले तर दोन्ही हलले. ड्रायव्हर खाली उतरून आला, त्याने कपाट पाहिलं, आजोबांना पाहिलं, आणि जाऊन प्रेसची किल्ली काढून आणली.

"तू उघडून पाहिलं नव्हतंस?" दाजींनी विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही पाहिलं. पट्टी तुम्ही मारलीत ना." मेहुण्याच्या हातातून रक्त येत होतं. "आणि दाजी, ताई म्हणाल्या होत्या, कपाट राहू द्या म्हणून."

"कोणाला म्हणाल्या?"

"मला."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"आपण बोलत नव्हतो ना," तो म्हणाला.

एक माणूस आपण मारला असता आणि त्याचं कारण ढेकूण असं निघालं असतं, हे दाजींना सहन होईना. मेहुणा उभ्या उभ्या रडायला लागला. दाजींनी खिशातला रुमाल काढून त्याच्या हाताला बांधला. फार घट्ट बांधला, पण त्याने हात मागे घेतला नाही.

आजोबा हे सगळं पाहत होते. "तुमच्यात बोलणं नाही होय," ते म्हणाले. त्यांना ते लगेच पटलं.

तेवढ्यात गोळ्यांची पिशवी घेऊन लेक आली. चिरडलेला कोपरा, फोडलेली फळी, टेंगूळ, तिने एकेक करून सगळं पाहिलं. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती वडिलांपाशी धावली, अगदी जवळ येऊन थांबली, आणि दाजींकडे वळली.

"त्यांना विचारा," ती म्हणाली, "कुठे लागलंय का, विचारा त्यांना."

"हिला सांगा, नाही लागलं."

"नाही लागलं म्हणतात," दाजी म्हणाले. टेंगूळ त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होतं.

"त्यांना सांगा, आधी डॉक्टरकडे जाऊ. मग पुढे."

"पुढे कुठे ते माहितीय मला म्हणावं."

इथे कोणा एकाचा बांध फुटेल आणि दोघं गळ्यात पडतील, अशी दाजींची फार अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. लेकीने गाडी आणली. आजोबांना मागे बसवलं. कपाळावर गार बाटली धरायला कोणीतरी हवं म्हणून दाजी त्यांच्याशेजारी बसले. बसता बसता मेहुण्याला म्हणाले, "आधी हात दाखवून ये. बाईंना काय झालं ते मी सांगेन. आणि बहिणीला फोन कर, मला उशीर होईल म्हणावं." इतक्या महिन्यांत ते एवढं एकदम बोलले नव्हते. मेहुणा "हो दाजी" म्हणाला.

डॉक्टरांनी तपासलं, फारसं काही नाही म्हणाले. गाडी पुन्हा निघाली, ती गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याने. लेकीचे खांदे अधूनमधून हलत होते. पुढे आश्रमाची पाटी दिसली तशी ती बोलली.

"त्यांना सांगा, मी रविवारी येईन भेटायला. दर रविवारी."

दाजींनी आजोबांकडे पाहिलं. निरोप पोहोचवण्याची गरज नव्हती, गाडी काही एवढी मोठी नव्हती.

"तिला सांगा," आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "यायची काही गरज नाही. मी मेलो की कळवतील ते लोक."

तिनेही ते ऐकलं असणार, पण ती उत्तराची वाट पाहत राहिली. आरशात तिचे डोळे दाजींवर होते. दाजींनी बाटली दुसऱ्या हातात घेतली.

"या म्हणतात," ते म्हणाले. "सकाळीच या म्हणतात."

आजोबांनी झटकन मान वळवली. दाजी समोर बघत राहिले. आजोबांनी तोंड उघडलं, दाजींना वाटलं, आता आपली काही धडगत नाही. पण आजोबांनी तोंड मिटलं. दाजींच्या हातातली बाटली काढून घेऊन ती त्यांनी स्वतःच कपाळाला लावली, आणि पाटीपासचं आश्रमाचं वळण न घेताच गाडी पुढे जाईपर्यंत तसेच बसून राहिले.

"तिला म्हणावं," मग ते म्हणाले, "डोळे पूस आधी. रस्ता दिसत नाहीये तिला."

हा निरोप दाजींनी शब्द न बदलता दिला.